श्वानपालकांचे हक्क, कर्तव्ये आणि काही रूढ गैरसमज

1832 सालच्या जून महिन्यात मुंबईत एक मोठी दंगल उसळली, आणि तिचे निमित्त होते कुत्रे. बेवारशी कुत्र्यांचा उपद्रव वाढल्यामुळे कंपनी सरकारच्या अंमलदारांनी त्यांना ठार मारण्याची मोहीम काढली होती. मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे इनाम मिळत असल्याने रस्त्यावरचे कुत्रे कोणते आणि घरातले कोणते हा विवेक त्याने ठेवला नाही, आणि ज्यांच्या धर्मात श्वानाला पवित्र स्थान आहे त्या पारशी समाजाने कामधंदे बंद ठेवून या हुकुमाला उघड विरोध केला. महानगरपालिका कुत्र्यासाठी परवाना मागते तो केवळ पैसे वसूल करण्याकरिता, असा जो समज आजही घरोघरी आढळतो, त्याचे उत्तर या जुन्या प्रसंगात आहे. कारण परवान्याने सर्वप्रथम जे साधते ते हे की, अमुक प्राणी अमुक घरचा आहे याची दप्तरी नोंद होते आणि पकडणाऱ्यांच्या गाडीसमोर त्याला बेवारशी ठरवता येत नाही.

बृहन्मुंबईत 1888 च्या महानगरपालिका कायद्यान्वये हा परवाना आवश्यक आहे, पुण्यासारख्या इतर शहरांतूनही तो घ्यावा लागतो, आणि त्याचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते. हा नियम परदेशी जातीच्या महागड्या कुत्र्यांपुरताच आहे, रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी पिलाला परवाना कशाला, असे पुष्कळ सज्जन मनापासून मानतात. कायदा जात पाहत नाही. तो फक्त पालक आहे की नाही हे पाहतो. अर्जासोबत रेबीजच्या लसीचा दाखला जोडावा लागतो, आणि माझ्या मते परवान्याचे खरे मोल याच दाखल्यात आहे, कारण त्यामुळे एका घराचा खासगी मामला साऱ्या वस्तीच्या आरोग्याशी जोडला जातो.

गृहनिर्माण संस्थांचा विषय अधिक तापलेला असतो. सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला म्हणजे इमारतीत कुत्रे पाळण्यास मनाई करता येते, ही कल्पना व्यवस्थापक मंडळींच्या मनात इतकी रुजलेली आहे की, उद्वाहनाबाहेर तशी पाटी लावताना त्यांना क्षणभरही शंका येत नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून झालेल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 साली जी मार्गदर्शक सूत्रे प्रसृत केली, त्यांत असे स्पष्ट म्हटले आहे की, बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि त्यांना उद्वाहन वापरण्यास मज्जावही करता येत नाही. पण ही सूत्रे हाती धरून शेजाऱ्यांशी भांडणाऱ्या पालकांनी त्यांचा दुसरा भागही वाचावा. सामायिक जागेत कुत्रा साखळीने बांधून न्यावा आणि त्याने केलेली घाण पालकाने स्वतः उचलावी, ही अपेक्षाही त्यांत आहे. मुंबईच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींत तर ही घाण न उचलणाऱ्यास दंडाची तरतूद आहे. पहाटे कुत्र्याला दुसऱ्याच्या दारापुढे नेऊन निर्विकारपणे परतणारा पालक आपल्याच हक्काचा पाया पोखरत असतो, कारण शेजाऱ्यांचा राग अखेर त्या मुक्या जीवावरच निघतो. आणि कुत्रा चावला तर तो त्याचा स्वभाव, त्यात आपला काय कसूर, ही सबबही टिकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमानुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून योग्य ती दक्षता न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सर्वांत घातक गैरसमज मात्र कायद्याविषयीचे नसून चाव्याविषयीचे आहेत, आणि त्यांच्यापायी माणसे प्राणांस मुकतात. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट भरण्याची रीत अद्याप मोडलेली नाही. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. ही वाटचाल चालू असते तोवरच उपायाला अवसर असतो, लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीही वाचत नाही. म्हणून पहिले काम एकच: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे, आणि तेथून तडक दवाखाना गाठणे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या धास्तीने अनेक जण दवाखान्याकडे फिरकत नाहीत. कसौलीत सेम्पल यांनी सिद्ध केलेल्या जुन्या लसीच्या काळातली ती भीती आहे, आणि ती लस भारतात बंद होऊन बरीच वर्षे लोटली. आज दंडात पाच मात्रा, पहिल्या दिवशी एक आणि तेथून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा दिल्या जातात; त्वचेत द्यावयाच्या पद्धतीत खेपा त्याहूनही कमी. जखम खोल असेल तर तिच्यात प्रतिपिंडांचे औषधही सोडावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी हे खरे, परंतु ते दहा दिवस संपेपर्यंत लस थांबवावी असा त्याचा अर्थ मुळीच नाही. घरचा कुत्रा आहे, लहान पिलू आहे, नुसते चाटले आहे, या तिन्ही सबबी तितक्याच फसव्या; फाटलेल्या कातडीला लागलेली लाळसुद्धा धोक्याचीच मानली जाते. कुत्र्यांचे सामुदायिक लसीकरण चिकाटीने केले तर हा रोग आटोक्यात येतो, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे: अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर 2021 साली गोव्याला रेबीज-नियंत्रित राज्य घोषित करण्यात आले.

पिटबुलसारख्या जातींवर देशभर बंदी आहे, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. 12 मार्च 2024 रोजी केंद्राने तेवीस जातींविषयी राज्यांना पत्र धाडले होते हे खरे; परंतु कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते रद्दबातल ठरवले. पिलू विकत घेणाऱ्याने त्यापेक्षा 2017 चे श्वानपैदास व विक्रीचे नियम ध्यानात ठेवावेत: पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असली पाहिजे आणि आठ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही.

सोयींविषयीचे अज्ञानही थोडेथोडके नाही. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय या संस्था शतकाहून अधिक काळ मुक्या जीवांची शुश्रूषा करीत आहेत, आणि 2024 पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे मोठे रुग्णालय चालू झाले आहे. रेल्वेने कुत्रा नेता येत नाही हाही असाच एक समज. वातानुकूलित प्रथम वर्गात संपूर्ण कूपे आपल्या नावे राखून त्याला सोबत नेता येते, नाही तर गार्डच्या डब्यातील पेटीतून पाठवता येते. मात्र त्याकरिता पार्सल कार्यालयात आगाऊ नोंद करावी लागते आणि पशुवैद्याचा दाखला जवळ बाळगावा लागतो.

शेवटची गोष्ट म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याची. नकोसे झालेले जनावर देवळाजवळ किंवा दूरच्या वस्तीत सोडून दिले की ते आपले पोट भरील, असा समज करून घेऊन त्याला गाडीतून उतरवणारी माणसे आपल्यातच राहतात. उपासमारीची यातना ओढवेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा 1960 च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे; त्याच कलमाखाली कुत्र्याला अवाजवी आखूड साखळीने तासन् तास बांधून ठेवणे आणि सदैव बांधलेल्या कुत्र्याला हिंडूफिरू न देणे हेही अपराधच आहेत. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याला दंड मात्र अवघा दहा ते पन्नास रुपये. एका निराधार जिवाच्या यातनेची एवढीच किंमत कायद्याने धरावी हे मला लज्जास्पद वाटते, आणि लोकप्रतिनिधींकडे ही रक्कम वाढवण्याची मागणी श्वानपालकांनीच आधी करावयास हवी. ज्याला खरोखरच सांभाळणे अशक्य झाले असेल त्याने कुत्रा लेखी नोंद करून एखाद्या प्राणीकल्याण संस्थेच्या किंवा खात्रीच्या नव्या पालकाच्या स्वाधीन करावा, लसीचे दाखले त्यासोबत द्यावेत आणि परवान्याच्या दप्तरात पालकाचे नाव बदलून घ्यावे.