सल्लागार समितीच्या हातात नेमकं काय असतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता बनवला होता. एका रकान्यात शहराच्या सल्लागार समितीने केलेली शिफारस, शेजारच्या रकान्यात ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’. तीन महिने इतिवृत्तं वाचून तो भरला आणि मोठ्या हौसेने मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, “शिफारस मान्य झाली त्या दिवशी ठरायचं काय शिल्लक होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्ता बाजूला गेला. तुमचे तीन महिने वाचावेत म्हणून हा लेख.

उदाहरण घेऊ सॅन फ्रान्सिस्कोचं. तिथली कागदपत्रं उघडी असतात, आणि वाहतुकीवर ‘सल्लागार’ नजर ठेवणारी मंडळं एकाहून जास्त आहेत. त्यामुळे तुलना करता येते.

पहिलं मंडळ शहराच्या वाहतूक संस्थेचं, म्हणजे एसएफएमटीएचं. बस, ट्राम, पार्किंग, सिग्नल हे सगळं या संस्थेकडे असतं. 1999 मध्ये मतदारांनी शहराच्या सनदेत बदल करून ती उभी केली आणि त्याच सनदेत 15 जणांची नागरिक सल्लागार परिषद घातली. 11 सदस्य नगरप्रतिनिधी नेमतात, 4 महापौर नेमतात. बहुतेक सदस्य नियमित प्रवासी असले पाहिजेत, काही ज्येष्ठ नागरिक आणि काही अपंगांसाठीची सेवा वापरणारे असले पाहिजेत, अशीही अट आहे. ही परिषद संस्थेच्या कुठल्याही विषयावर शिफारस करू शकते. पण निर्णय संचालक मंडळाचा.

दुसरं मंडळ काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाचं. हे प्राधिकरण बस चालवत नाही, पैसा सांभाळतं. वाहतुकीसाठी मतदारांनी मंजूर केलेला अर्धा टक्का विक्रीकर त्याच्यामार्फत खर्च होतो. त्याच्याही सल्लागार समितीवर 11 नागरिक, प्रत्येक विभागातून एक.

आता गंमत बघा. कागदावर दोघांचा दर्जा सारखाच, फक्त सल्ला देण्याचा. पण दुसऱ्या समितीसमोर प्रत्येक प्रकल्पाची पैशाची मागणी प्राधिकरणाच्या बैठकीआधी येते. पैसा एकदम मिळत नाही, टप्प्याटप्प्याने सुटतो, आणि सोबत अटी घालता येतात. पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा यायचं आहे हे अधिकाऱ्यांना माहीत असतं. त्यामुळे इथे विचारलेला प्रश्न टाळणं जड जातं.

दोन्ही मंडळांना कॅलिफोर्नियाचा 1953 चा ब्राउन कायदा लागू होतो. नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावायची, विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टीवर निर्णय घ्यायचा नाही, आणि लोकांना बोलू द्यायचं. वाचायला रुक्ष वाटतं, पण आपल्यासाठी ही खाण आहे. कोणता प्रश्न कोणत्या तारखेला विचारला गेला, हे त्यामुळे शोधता येतं.

तारीख एवढी महत्त्वाची का? व्हॅन नेस अव्हेन्यू बघा. शहरातल्या या मोठ्या रस्त्यावर साधारण 2 मैल लांबीची, मधोमध वेगळ्या मार्गिका असलेली बीआरटी करायची होती. अंतिम पर्यावरण अहवाल 2013 मध्ये मंजूर झाला, काम 2016 मध्ये सुरू झालं. 2019 मध्ये संपायचं ते संपलं नाही. बस धावली 1 एप्रिल 2022 ला. पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या बदलणं धरून सगळा खर्च गेला सुमारे 34.6 कोटी डॉलरवर. मधली वर्षं रस्ता खणलेला आणि दुकानदार धंदा बसल्याची तक्रार करत होते.

या प्रकल्पासाठी वेगळी सल्लागार समितीही होती. सार्वजनिक चर्चेत गाजले ते विषय म्हणजे दुभाजकावरची झाडं, बंद होणारी डावी वळणं आणि जुने दिव्यांचे खांब. सगळं डोळ्यांना दिसणारं. काम अडलं ते जमिनीखाली. जुन्या वाहिन्या नक्की कुठे आहेत याची माहिती अपुरी होती आणि पुरेसे चाचणी खड्डे आधी घेतलेले नव्हते.

हे मांडलं सॅन फ्रान्सिस्कोच्या सिव्हिल ग्रँड ज्युरीने, 2021 च्या अहवालात. ही 19 सामान्य नागरिकांची मंडळी. तेही कोणाला आदेश देऊ शकत नाहीत. पण राज्याचा कायदा सांगतो की त्यांच्या प्रत्येक निष्कर्षाला संबंधित खात्याने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं. सहमत नसाल तर का नाही, तेही लिहायचं. एवढ्याने सल्ल्याचं वजन वाढतं. मात्र अहवाल आला तोवर खड्डे खणून झाले होते, पैसा गेला होता. पुढच्या प्रकल्पाला धडा मिळाला, व्हॅन नेसवरच्या दुकानदाराला नाही.

म्हणून माझा नवा तक्ता वेगळा आहे. त्यात ‘मान्य/अमान्य’ नाही, तीन प्रश्न आहेत. समितीने प्रश्न विचारला तेव्हा आराखडा बदलण्याजोगा होता का? पैसा सुटायचा बाकी होता का? आणि उत्तर देणं कोणावर बंधनकारक होतं का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर मान्य झालेली शिफारसही बहुधा शोभेची असते. एकाचं जरी ‘हो’ असेल, तर फेटाळलेल्या शिफारशीनेही काहीतरी हललेलं असू शकतं. ते पुढच्या बैठकीच्या कागदांत शोधा.

एक सावधगिरी. इतिवृत्तात न दिसणारा प्रश्न विचारलाच गेला नाही, असं समजू नका. इतिवृत्त लिहिणारा माणूस गाळतो, थोडक्यात लिहितो. शक्य असेल तिथे ध्वनिमुद्रण ऐका, जुन्या सदस्यांशी बोला.

हेच प्रश्न आपल्या शहरांना विचारता येतात. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांत एकात्मिक वाहतूक प्राधिकरणाची शिफारस केली. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. पुण्याने बीआरटीचा प्रयोग 2006 मध्येच सुरू केला. विषय निवडताना ‘समिती आहे का’ इथे थांबू नका. पहिल्याच आठवड्यात समितीच्या बैठकीची तारीख आणि निविदेची तारीख शेजारी शेजारी लिहा. कोणती आधी येते ते बघा. तुमचा संशोधनप्रश्न बऱ्याचदा त्या दोन तारखांच्या मध्येच सापडेल.