तोरण्याची झाडी निळी का दिसते?

भोर-वेल्हे भागाचे उपग्रहचित्र शाळेच्या संगणकावर उघडावे आणि तोरण्याच्या उतारावरची झाडी चक्क निळी दिसावी! अशा वेळी पहिला संशय पडद्यावर जातो, दुसरा फाइलवर. बहुधा दोन्ही ठणठणीत असतात. घोटाळा असतो तो रंगांच्या वाटणीत.

संगणकाचा पडदा तीनच रंगांनी काम भागवतो: लाल, हिरवा, निळा. उपग्रहावरचा कॅमेरा मात्र रंग असे टिपत नाही. तरंगलांबीच्या एकेका पट्ट्यात जमिनीवरून किती प्रकाश परत आला, एवढेच तो आकड्यांत नोंदवतो. एका पट्ट्याचे आकडे म्हणजे एक करडे चित्र. ते पडद्याच्या कोणत्या रंगात दाखवायचे, हे नंतर ठरते.

आपल्या ‘रिसोर्ससॅट-२’ (२०११) या उपग्रहावरचा लिस-३ कॅमेरा घेऊ. त्यात हिरवा, लाल, निकट अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त असे चार पट्टे आहेत. निळा नाहीच, हवेत निळा प्रकाश फार विखुरतो आणि चित्र धूसर होते. हे पट्टे याच क्रमाने जोडलेली फाइल क्यूजीआयएससारख्या प्रोग्रॅममध्ये उघडली, की सहसा पहिला पट्टा लाल, दुसरा हिरव्या आणि तिसरा निळ्या रंगात जातो. तिसरा पट्टा निकट अवरक्ताचा. हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात, हिरवा थोडा परतवतात आणि निकट अवरक्त भरभरून परतवतात. म्हणून झाडी निळी!

थराच्या नावावर दोनदा क्लिक करून ‘सिंबॉलॉजी’ उघडावी. लालला तिसरा, हिरव्याला दुसरा आणि निळ्याला पहिला पट्टा द्यावा. आता झाडी लालभडक होईल. विद्यार्थी हसतील, पण हा बिघाड नव्हे. ‘मिथ्यावर्ण’ चित्राची हीच रूढ पद्धत आहे. डोळ्यांना दिसते तसे चित्र हवे असेल, तर निळा पट्टा असलेले सेंटिनेल-२ चे चित्र घ्यावे. त्याचे २, ३, ४ हे पट्टे अनुक्रमे निळा, हिरवा, लाल असे आहेत. म्हणजे लालला ४ द्यायचा. येथे क्रम उलटा पडला, तर तांबूस माती निळसर दिसते.

हेच चित्र साध्या फोटोच्या प्रोग्रॅममध्ये काळेकुट्ट दिसते, तेही साहजिकच. १६ बिटांच्या फाइलमध्ये आकडे ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतात. जमिनीचे आकडे बहुतेक काही हजारांतच असतात. क्यूजीआयएसमध्ये किमान-कमाल मर्यादा बदलून ते उजळवता येते. मात्र चित्रात ढग बरेच असतील तर त्या मर्यादा ढगांमुळे वर ओढल्या जातात. म्हणून आधी भोरचा भाग मोठा करावा आणि तेवढ्याच भागावरून मर्यादा काढायला सांगावे.

रंग नीट बसले तरी एक फसगत उरतेच. पाणी निकट अवरक्त शोषून घेते, त्यामुळे मिथ्यावर्ण चित्रात भाटघरचा जलाशय काळपट दिसतो. राजगड-तोरण्याच्या सावल्याही तशाच. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो आणि डोंगरांच्या वायव्येकडे लांब सावल्या पडतात. काळे ठिपके मोजून पाण्याचे क्षेत्र काढू लागलो, तर या सावल्याही धरणात जमा होतात. लिस-३ चा एक ठिपका सुमारे साडेतेवीस मीटर बाजूचा, म्हणजे साधारण ५५० चौरस मीटरांचा. शंभर ठिपके चुकले की साडेपाच हेक्टर पाणी वाढलेच. संशयित डागावर समोच्च रेषांचा नकाशा ठेवून पाहावे. त्या डागात रेषांची दाटी असेल, तर ती सावली. उतारावर तळे साचत नाही.