मुलगी छावणीला जाते म्हणते तेव्हा

मे महिना तोंडावर आला की कॉलेजात जाणारी मुले हळूच विषय काढतात, "आई, सोमनाथच्या छावणीला जाऊ?" मुलाने विचारले तर आपण 'जा, पण उन्हाचा जप' म्हणून मोकळ्या होतो. मुलीने विचारले की मात्र पोटात गोळा येतो. कुठले ते जंगल, कोण ती माणसे! आणि आठ दिवस माती उपसून असे काय मोठे होणार आहे?

हा शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेत शिकवते म्हणून माझ्याही कानावर तो पुष्कळदा येतो.

मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती साठच्या दशकाच्या अखेरीस. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसे तिथे शेती करतात. छावणीतल्या मातीचा हिशेब मांडू नये हेच बरे. कुष्ठरोगाचे नाव काढताच अंग चोरणाऱ्या घरांतली मुले त्या माणसांच्या शेजारी कुदळ धरतात, हे मला मोठे वाटते. पण एवढ्याने गाव बदलते का? नाही. त्यासाठी चिकटून राहावे लागते.

चंद्रपूरच्या मोहन हिराबाई हिरालाल यांचेच पाहा ना. (नावात आई आधी, मग वडील, मला हे फार आवडते.) तरुणपणी ते जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत होते. वाहिनीत तिशीपर्यंतच राहता येई. पुढे काय? बरेचजण संसाराला लागले, त्यात वावगे काही नाही. मोहनभाऊंनी १९८४ साली 'वृक्षमित्र' संस्था काढली आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावात जाऊ लागले. योजना घेऊन नव्हे, प्रश्न घेऊन. गावाबरोबर अभ्यास गटात बसायचे. जंगलाचा कायदा काय सांगतो? बांबू आपल्या रानातला, मग तो कागद कारखान्याला कसा जातो? देवाजी तोफांसारखी गावातलीच माणसे पुढे झाली. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वांच्या सहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसायचे! आपल्याकडे रविवारच्या भाजीवर चौघांचे एकमत होत नाही. दारूचा विषय तिथल्या बायकांनी लावून धरला, आणि गावाला तो घ्यावा लागला.

२००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. मध्ये वीसहून अधिक वर्षे गेली होती. पोराने वर्षभरात काय करून दाखवले, असे विचारणाऱ्या काकांना हा आकडा जरूर सांगावा.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत आले १९८६ साली, दोघेही पस्तिशीच्या आसपास. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना अंगावर काढलेले काही ना काही स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या शंभरात आठच. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. कोणी विचारलेच नव्हते, म्हणून कोणी सांगितले नव्हते. पुढे त्यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळे सांभाळू लागल्या. हीच पद्धत नंतर देशभरच्या आशाताईंकडे गेली.

मिळवलेले टिकतेच असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांनी मोर्चे काढून दारूबंदी मागितली, २०१५ साली ती आली, २०२१ साली उठली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. म्हणून मुलीला 'तू जाऊन जग बदलशील' असे सांगायला मी धजावणार नाही. बंग दांपत्याने २००६ साली 'निर्माण' सुरू केले, ते शिकलेल्या मुलामुलींना आपले पुढचे काम शोधता यावे म्हणून. ते शोधायलाच जाऊ दे तिला. आणि भावाला लावता तीच कसोटी तिला लावा, जास्त कडक नको.

मात्र चौकशी अवश्य करा. शिबिराचे पत्र स्वतः वाचा, मुलींच्या राहण्याची सोय काय ते विचारा, संस्थेचा फोन नंबर घरात लिहून ठेवा. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीच्या घरात. टोपी, सुती दुपट्टा, लिंबू-मीठ-साखर बरोबर हवीच. गडचिरोलीत मलेरिया आहे, मच्छरदाणी विसरू नका. परत आल्यावर ताप आला तर रक्त लगेच तपासून घ्या. कपड्यांवरचा चिखल आधी वाळू द्या, झटका आणि साध्या पाण्यात भिजवून मग साबण लावा.