चुनखडीचा धडा

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण अनिवार्य करण्याचा आदेश दिला. पुढे विषय आला, पुस्तक आले, गुणही आले; परंतु ज्या मातीवर शाळा उभी आहे, तिची ओळख विद्यार्थ्याला झाली काय?

येरमाळ्याचेच उदाहरण घ्यावे. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो भाविक रानातील चुनखडी वेचतात. हाच खडा वर्गात आणला, तर भूगोल व रसायन एकदमच हाती लागतात. काळ्या पाषाणातील चुना पाण्याबरोबर जमिनीत उतरतो. पाऊस अपुरा, ऊन प्रखर, म्हणून तो वाहून न जाता खडे होऊन मातीतच साचतो. चुनखडी ही या प्रदेशाच्या अवर्षणाची नोंदच होय.

या नोंदीचा अर्थ शेजारच्या लातूरला फार महाग पडला. मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत होते ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेतील ३ लाख ८२ हजार लोकसंख्येस माणशी दीड लिटरही नव्हे!

जिल्ह्याच्या माळरानांवर आज पवनचक्क्या फिरतात, हे स्वागतार्हच. मात्र वीज स्वच्छ झाली म्हणून विंधन विहिरीला अधिक पाणी लागत नाही, हेही मुलांना कळले पाहिजे.

म्हणून शाळांनी गावच्या विहिरीची पातळी दरमहा मोजावी, पावसाचे माप फळ्यावर लिहावे आणि तो हिशेब मुलांकरवी ग्रामसभेपुढे ठेवावा. पाठ केलेले उत्तर परीक्षेबरोबर सरते. स्वतः मोजलेली विहीर सहसा विसरली जात नाही.