गच्चीवरचे ऊन, तळघरातली मोटार

सकाळी दहाच्या सुमारास कार्यालयाच्या तळघरात उभी राहिलेली मोटार सायंकाळी सहापर्यंत सहसा जागची हलत नाही. नेमक्या याच वेळात त्या इमारतीच्या गच्चीवर ऊन तापत असते. विजेवरील मोटारी आणि गच्चीवरील सौर पॅनेल यांची सांगड व्यापारी इमारतींत घालावी, हा विचार या साध्या योगायोगातून पुढे आला आहे. घरी परतल्यावर मोटार चार्ज करायची तर सूर्य मावळलेला असतो आणि विजेची मागणी चढलेली असते. कार्यालयात ही अडचण नाही. मात्र पॅनेल बसविले आणि चार्जर लावले की काम झाले, असे समजणाऱ्यांची गाठ महिनाअखेरीस वीजबिलाशी पडते.

हिशेब पाहू. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला सुमारे सहा युनिट वीज लागते. अशा २० मोटारींना १२० युनिट. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि निरभ्र दिवशी त्यातून चार युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे ३० किलोवॉटचा संच आणि तीन हजार चौरस फूट गच्ची पुरे. मुंबई-पुण्यातील उंच इमारतींत मात्र पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि वातानुकूलन यंत्रणा यांनी गच्चीचा मोठा भाग आधीच अडविलेला असतो. पावसाळ्यात उत्पादन घटते, ते वेगळेच.

खरी मेख वेळेची आहे. वीसही मोटारी सकाळी दहालाच ७.४ किलोवॉटच्या चार्जरना जोडल्या, तर एकदम १४८ किलोवॉटचा भार येतो. त्या वेळी ३० किलोवॉटचे पॅनेल आपल्या पूर्ण क्षमतेलाही पोहोचलेले नसतात. उरलेली वीज महावितरण वा अन्य वीज कंपनीकडूनच घ्यावी लागते. मोठ्या व्यापारी ग्राहकाला केवळ युनिटचे नव्हे, तर महिन्यातील सर्वोच्च मागणीचेही पैसे मोजावे लागतात आणि मंजूर मर्यादा ओलांडल्यास दंडही. त्यामुळे अर्ध्या तासाची घाई महिनाभराची सौरबचत गिळू शकते. उलट तेच १२० युनिट सहा तासांत विभागून दिले, तर सरासरी भार अवघा २० किलोवॉट भरतो. कार्यालयासाठी ३.३ किलोवॉटचे संथ चार्जर आणि मोटारींना आळीपाळीने वीज देणारी नियंत्रण प्रणाली हाच शहाणपणाचा मार्ग होय. दिमाखदार जलद चार्जर महामार्गावर शोभतात.

सरकारी नियमांचा कलही दिवसाच्या चार्जिंगकडे आहे. केंद्राने जून २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार, सौर तासांतील वीजदर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचे आहेत. त्याआधी, एप्रिल २०१८ मध्ये, वाहन चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने केल्याने इमारतमालकाला त्यासाठी परवाना लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती होऊन वाहनतळाच्या क्षमतेपैकी २० टक्क्यांसाठी चार्जिंगची सोय ठेवण्याची तरतूदही आली.

जोडणी करतानाची एक चूक महागात पडते. चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घेता येतो आणि त्याला स्वतंत्र वर्गवारीचा दर लागतो. परंतु पॅनेल इमारतीच्या मुख्य मीटरला जोडलेले असतील, तर त्यांची वीज चार्जिंगच्या मीटरमधून वजा होत नाही. म्हणजे गच्चीवर सूर्य आणि तळघरात विकतची वीज! कोणता मीटर कोठे, हे आराखड्याच्या वेळीच ठरवावे लागते. रविवारी मोटारी नसतात, पण ऊन असते. ती वीज वाया जाऊ नये म्हणून नेट मीटरिंगची परवानगीही हाताशी हवी.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. वीज गेली तरी पॅनेलवर मोटारी चार्ज होत राहतील, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वीजजाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. बंद समजून तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते. भर दुपारच्या उन्हातही मग चार्जर थंड! बॅटरी व तिला साजेसा इन्व्हर्टर बसविल्यास हे टळते, पण खर्च बराच वाढतो.