काचेतला समुद्र – भाग ९ : ठिपके गेले, रोग राहिला

मागच्या भागात आपण टँकमध्ये पहिले मासे सोडले. पुढच्या पंधरवड्यात हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आलेत.’ चार-पाच दिवसांनी ते ठिपके आपोआप नाहीसे होतात, घरात सगळे हुश्श करतात आणि आठवड्याभरात ठिपके दुपटीने परत येतात.

हा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो त्वचेखाली बसून माशाला खात असतो. तीन ते सात दिवसांत पोट भरलं की गळतो, वाळूला किंवा दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. आत विभाजन होऊन एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. बहुतेक कवचं महिन्याभरात फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याच्याही नोंदी आहेत. पिल्लांना दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. तांब्याचं औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. कवचातल्याला आणि त्वचेखालच्याला त्याचं काही वाटत नाही.

गोड्या पाण्यात पांढरे ठिपके आले की मीठ टाकून, हीटर वाढवून निभावलेले लोक इथे फसतात. तो परजीवी वेगळा. आणि खाऱ्या पाण्यात मीठ ते काय टाकणार?

मग दुकानातून तांब्याची बाटली येते आणि थेट मुख्य टँकमध्ये रिकामी होते. माझ्या मते या छंदातला सगळ्यात महागडा उपाय हाच. गोगलगायी, कोळंबी, शंखातले खेकडे यांना तांबं सहन होत नाही. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पालथ्या पडतात, एखादी उचलून हुंगली तर नाक धरावं लागतं. काही तांबं दगड-वाळू शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातली मात्रा टिकत नाही आणि परजीवी वाचतो. मेलेल्यांचं सडून अमोनिया, पुढे नायट्रेट, फॉस्फेट. आणि शेवाळ चरणारं आता कोणी उरलेलं नाही. दोन-तीन आठवड्यांत दगडांवर हिरवे केस उगवतात. तेव्हा मालक शेवाळाची बाटली मागायला त्याच दुकानात जातो.

उपचार वेगळ्या टाकीतच करायचे. वाळू नाही, दगड नाही; हीटर, मुरलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. मात्रा बाटलीवरची, आणि ती रोज तांब्याच्या टेस्ट किटने तपासलेली. सगळे मासे तिकडे हलवायचे, ठिपके नसलेलेही. मुख्य टँक अडीच महिने बिनमाशांचा ठेवायचा. गोगलगायी तिथेच राहू द्या.

ठिपक्यांऐवजी अंगावर पिठासारखी बारीक धूळ दिसली, मासा जोरजोरात श्वास घेत असला आणि खाणं सोडलं असलं तर तो बहुधा वेल्व्हेट. त्यात विचार करायला दिवससुद्धा मिळत नाही.

शेवाळाचं म्हणाल तर नव्या टँकमधला तपकिरी थर डायटमचा, तो बहुतेक वेळा आपणहून ओसरतो. बुडबुडे धरणारी लालसर-जांभळी साय हे शेवाळच नव्हे, ते जिवाणू. हिरवे केस मात्र खाऊन-पिऊन वाढतात. नायट्रेट-फॉस्फेटचं टेस्ट किट शून्य दाखवतं म्हणून खूश होऊ नका. पाण्यात उतरलेलं सगळं शेवाळानेच गिळलेलं असू शकतं. दगड बादलीत काढून जुन्या टूथब्रशने घासा, सुटलेले तंतू टँकमध्ये परत जाऊ देऊ नका. मीठ कालवायचं पाणी आरओ-डीआयचं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं हवं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी त्या मापात बसत नाही. गोठवलेलं खाद्य गाळणीत वितळवून त्याचा रस सिंकमध्ये जाऊ द्या.

आणि सर्जन माशाचा मोह असेल तर तो सगळ्यात शेवटी आणा. ठिपके सगळ्यात आधी बहुधा त्याच्याच अंगावर उमटतात.