टर्बो इंजिनाचा दाबमापक आणि त्याची बदली

पेट्रोल जळावयास हवा लागते, हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा हवी. म्हणून इंजिनापासून अधिक शक्ति मिळवावयाची तर प्रथम त्यांत अधिक हवा कोंबली पाहिजे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं हें काम इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूकडूनच करवून घेण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें. एरवीं फुकट जाणारा तो तप्त वायु एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे ढकलतें. यासच टर्बोचार्जर म्हणतात.

आतां हवा वाढली कीं पेट्रोलहि त्याच मानानें वाढावयास हवें. तें किती द्यावें हें संगणक ठरवतो. परंतु संगणकास डोळे नाहींत. अनेक गाड्यांत त्याची सारी भिस्त हवेच्या नळीस जोडलेल्या एका लहानशा सेन्सरवर असते. या सेन्सरांत सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस बंदिस्त निर्वात जागा, दुसऱ्या बाजूस इंजिनाकडे जाणारी हवा. दाबानें पडदा किंचित् वांकतो, त्यावरील विद्युत्-रोध बदलतो, आणि तो बदल शून्य ते पांच व्होल्टच्या दरम्यानच्या संदेशरूपानें संगणकाकडे जातो. हा दाब, हवेचें तपमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून सिलिंडरांत किती वजनाची हवा शिरली याचा हिशेब होतो, व तितका वेळ पेट्रोलची तोटी उघडी राहते.

येथें एक घोटाळा नेहमीं होतो. हौशी मंडळी ‘पंधरा पौंड दाब’ म्हणतात तेव्हां तो बाहेरच्या हवेपेक्षां अधिक असलेला दाब असतो. सेन्सर मात्र निर्वातापासून मोजतो. समुद्रकांठीं बाहेरच्या हवेचा दाब सुमारें एक बार. त्यावर पंधरा पौंड चढविले कीं सेन्सरच्या दृष्टीनें दोन बार झाले. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें १९८४ पासून ज्या टर्बो गाड्या विकल्या त्यांत दोन बारपर्यंतच मोजणारा सेन्सर असे. मालकांनीं दाब त्यापुढें नेला कीं संगणक पेट्रोलच तोडी. गाडी भर वेगांत आचका देई, मालक चिडत. वास्तविक तो संगणकाचा शहाणपणा होता. पलीकडचें त्यास दिसतच नव्हतें.

यावर निघालेला स्वस्त उपाय म्हणजे तारेवर झेनर डायोड बसविणें. हा चिमुकला घटक व्होल्ट ठराविक आंकड्यावर जाऊंच देत नाहीं. संगणक फसतो, पेट्रोल तुटत नाहीं, आणि मालक खूष होतो. पण हवा खरोखर वाढलेली असते व पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबानें येतें. मोठ्या दाबाखालीं मुद्दाम बारास एक या बेतानें पेट्रोल अधिक देतात, तें त्याच्या बाष्पीभवनानें सिलिंडर थंड रहावा म्हणून. तोच थंडावा हरपतो. उरलेलें मिश्रण ज्योत पोंचण्यापूर्वींच आपणहून भडकतें, इंजिन ठोके देऊं लागतें, आणि कांहीं क्षणांत दट्ट्याच्या माथ्याचें ॲल्युमिनियम वितळूंहि शकतें. कांहीं रुपयांच्या डायोडपायीं इंजिन घालविणें हा व्यवहार कोणत्या तऱ्हेचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

प्रामाणिक उपाय तीन बारचा सेन्सर बसविण्याचा. पण तोहि अर्धाच केला तर तितकाच घातक. या कामीं जनरल मोटर्सचे सेन्सर पुष्कळ वापरले जातात. त्यांतील दोन बारचा सेन्सर एक बार दाबास सुमारें २.३ व्होल्ट देतो, तर तीन बारचा १.६ व्होल्टच. जुन्याच कोष्टकावर चालणारा संगणक हे १.६ व्होल्ट वाचून दाब ०.७ बार समजतो. खरे दोन बार असतां १.३५. म्हणजे दर वेळीं जवळजवळ एकतृतीयांश पेट्रोल कमी! यास्तव सेन्सरबरोबर संगणकांतील कोष्टकें नव्यानें लिहावीं लागतात, आणि पेट्रोलच्या तोट्याहि वाढलेल्या हवेस पुरतील अशा मोठ्या बसवाव्या लागतात.

कोष्टक बदललें कीं नाहीं हें पाहण्याची सोपी रीत आहे. इंजिन सुरू न करतां किल्ली फिरवावी आणि संगणकास दिसणारा दाब वाचावा. इंजिन स्वस्थ असल्यानें तो त्या गांवच्या वायुभारमापकाशीं जुळलाच पाहिजे. सुमारें १,६०० मीटर उंचीवरील डेन्व्हर शहरीं तो ०.८३ बारच्या आसपास यावा. तेथें ०.६ आला, तर जुनें कोष्टक तसेंच राहिलें आहे. गाडी कारखान्याबाहेर काढूं नये.